जुन्या संगणकावर परक्या कचेरीचे कुलूप : ओळखावे कसे, काढावे कोणी?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या बाजारपेठांत लॅपटॉपची चौकशी वाढते. नव्या यंत्राची किंमत झेपत नसलेली अनेक कुटुंबे एखाद्या कंपनीने काही वर्षे वापरून विकलेला लॅपटॉप पसंत करतात. या निवडीत गैर काहीच नाही. कचेऱ्यांसाठी घडवलेली यंत्रे बहुधा दणकट असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि अभ्यासाच्या कामासाठी ती आणखी काही वर्षे सहज पुरतात.

अडचण घरी आल्यावर सुरू होते. यंत्र सुरू केले, वायफाय जोडले, की पडद्यावर कधी न ऐकलेल्या एखाद्या कंपनीचे नाव उमटते आणि तिच्या कर्मचाऱ्याचे खाते व परवलीचा शब्द मागितला जातो. काही यंत्रांवर प्रवेश मिळतो, पण दर वेळी 'नेटवर्कचा पासवर्ड द्या' अशी चौकट मध्येच येऊन उभी राहते. दुकानदाराला विचारले, तर ठरलेले उत्तर मिळते, 'फॉरमॅट मारा, जाईल.' कधी ती जाते. कधी मात्र फॉरमॅट केल्यानंतर पूर्वी चालत असलेले यंत्रही बंद पडल्यासारखे होते, आणि ग्राहकाचे पैसे अडकतात.

याचे कारण असे, की बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या विचारण्यांचे मूळ एकच नसते. काहींचे मूळ यंत्राच्या डिस्कवर असते आणि ती मालकाला स्वतः काढता येतात. काहींचे मूळ यंत्राबाहेर, जुन्या कंपनीच्या नोंदवहीत असते आणि ती त्या कंपनीशिवाय कोणालाही रीतसर काढता येत नाहीत. हा एक भेद नीट समजला, तर बरीच धावपळ आणि बराच खर्च वाचतो.

विचारणा म्हणजे बिघाड नव्हे

थोडे मागे जाऊन पाहिले, तर हा प्रकार अधिक स्पष्ट होतो. विंडोज ९५ आणि विंडोज ९८ च्या काळात कचेरीतील संगणक एकमेकांना जोडलेला असेल, तर सुरू होतानाच 'एंटर नेटवर्क पासवर्ड' अशी चौकट येई. ती पाहून अनेकांना संगणकाला कुलूप लागल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात एस्केपची कळ दाबली, की चौकट निघून जाई आणि संगणक नेहमीसारखा उघडे. ती चौकट संगणकाचे रक्षण करण्यासाठी नव्हतीच. शेजारच्या यंत्रावरील फायली किंवा सामायिक प्रिंटर वापरायचा असेल, तर आपण कोण, एवढेच ती विचारत होती.

पुढे २००० साली आलेल्या विंडोज २००० बरोबर 'अॅक्टिव्ह डिरेक्टरी' ही व्यवस्था आली. कचेरीतील एक मध्यवर्ती सर्व्हर सर्व कर्मचाऱ्यांची आणि सर्व संगणकांची नोंद ठेवू लागला. अशा समूहाला 'डोमेन' म्हणतात. डोमेनमध्ये दाखल झालेला संगणक कर्मचाऱ्याची ओळख त्या सर्व्हरकडून पडताळून घेतो. या चौकटीतून एस्केप दाबून पुढे जाता येत नाही.

गेल्या दशकात ही नोंदवही कचेरीच्या इमारतीतून उठून इंटरनेटवर गेली. आता एखादी कंपनी लॅपटॉप विकत घेते, तेव्हा त्या यंत्राची हार्डवेअरवरून ठरणारी ओळखखूण मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोपायलट' सेवेत किंवा अॅपलच्या तशाच व्यवस्थेत नोंदवू शकते. त्यानंतर ते यंत्र जगात कोठेही नव्याने सुरू होऊन इंटरनेटला जोडले गेले, की 'मी अमुक कंपनीचे' असे सांगते. कर्मचाऱ्याच्या हातात नवे यंत्र थेट पडावे, आणि ते चोरीला गेले तर चोराच्या उपयोगाचे राहू नये, हा त्यामागील हेतू.

तेव्हा संगणक 'बिघडला' म्हणून ही विचारणा येत नाही. संगणक विकला गेल्याचे त्याला कोणी कळवलेलेच नसते.

ती नेमकी केव्हा येते, ते पाहा

उपाय शोधण्यापूर्वी एकच निरीक्षण करावे : विचारणा केव्हा येते? विंडोज पूर्ण उघडून काम सुरू झाल्यावर, की प्रवेशाच्या पडद्यावर? विंडोज सुरू होण्याच्याही आधी काळ्या किंवा निळ्या पडद्यावर, की यंत्र पूर्ण पुसून नव्याने मांडताना? या चार वेळा म्हणजे चार वेगळे आजार आहेत. सोप्यापासून अवघडाकडे जाऊ.

काम सुरू झाल्यावर येणारी चौकट

हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार. यंत्र आपले झालेले असते. जुन्या कचेरीच्या सवयी तेवढ्या त्याच्यात शिल्लक असतात, आणि त्या एकेक करून काढाव्या लागतात.

पहिली सवय कचेरीच्या सर्व्हरवरील ड्राइव्हची. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'धिस पीसी' उघडले, की नेहमीच्या ड्राइव्हखेरीज लाल फुलीचे एखादे चिन्ह दिसते. संगणक दर वेळी त्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करतो, आणि तो सापडत नाही म्हणून तक्रार करतो किंवा पासवर्ड मागतो. त्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'डिस्कनेक्ट' निवडले, की प्रश्न मिटतो.

दुसरी सवय साठवलेल्या ओळखींची. कंट्रोल पॅनेलमधील 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून 'विंडोज क्रेडेन्शियल्स' या भागात पाहावे. जुन्या सर्व्हरची, प्रिंटरची किंवा ईमेलची नावे तेथे असतील, तर ती 'रिमूव्ह' करावीत. त्याच वेळी प्रिंटरच्या यादीतून कचेरीच्या नेटवर्कवरील प्रिंटरही काढून टाकावेत.

तिसरी सवय प्रॉक्सीची. अनेक कचेऱ्यांत इंटरनेटची वाट एका मधल्या सर्व्हरमधून जाते. तो सर्व्हर आता नाही, म्हणून ब्राउझर उघडताच नाव आणि पासवर्ड मागितला जातो किंवा एकही पान उघडत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधील 'नेटवर्क अँड इंटरनेट' या विभागात 'प्रॉक्सी' आहे. हाताने भरलेला प्रॉक्सी तेथे बंद करावा. जुन्या विंडोजमध्ये हीच सोय 'इंटरनेट ऑप्शन्स'मधील 'कनेक्शन्स' या पानावर 'लॅन सेटिंग्ज'मध्ये सापडते.

चौथी सवय यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची. कचेरीशी दुरून जोडणारे व्हीपीएन, अंतर्गत संदेशांचे अॅप, कंपनीच्या खात्यावरील वनड्राइव्ह हे सारे सुरू होताच आपापली ओळख मागतात. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' या पानावर ते बंद करता येतात. नको असलेले प्रोग्रॅम 'अॅप्स'च्या यादीतून काढून टाकणे अधिक बरे.

एवढे करूनही चौकट येत राहिली, तर सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' आणि त्यात 'अॅक्सेस वर्क ऑर स्कूल' हे पान उघडावे. जुन्या कंपनीचे खाते तेथे जोडलेले दिसले, तर या सवयींचे मूळ तेथेच आहे. खात्यावर दाबल्यास 'डिस्कनेक्ट'चा पर्याय येतो. मात्र तो दाबण्यापूर्वी पुढचा भाग वाचावा.

प्रवेशाच्या पडद्यावर येणारी विचारणा

पडद्यावर वापरकर्त्याच्या नावाखाली कंपनीचे किंवा डोमेनचे नाव दिसत असेल, तर यंत्र अजून डोमेनचे सभासद आहे. अशा वेळी काही विक्रेते जुन्या कर्मचाऱ्याचे नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून देतात, आणि तो चालतोही. कचेरीचा सर्व्हर शेकडो किलोमीटर दूर असताना तो चालतो, कारण विंडोज आधीच्या प्रवेशांची नोंद यंत्रातच जपून ठेवते. मूळ मांडणीत अशा दहा नोंदी ठेवल्या जातात. पण हा उपाय नव्हे. दुसऱ्याच्या ओळखीने आत शिरणे योग्य नाही. शिवाय त्या खात्याला प्रशासकाचे अधिकार नसतील, तर आपल्याच यंत्रावर एखादा प्रोग्रॅमही बसवता येणार नाही.

रीतसर मार्ग असा. विक्रेत्याकडून यंत्रावरील स्थानिक प्रशासक खात्याचे नाव आणि पासवर्ड घ्यावा. प्रवेशाच्या पडद्यावर 'अदर यूजर' निवडून नावाच्या जागी आधी टिंब, मग डावीकडे झुकलेली तिरकी रेघ म्हणजे बॅकस्लॅश, आणि त्याला जोडून खात्याचे नाव लिहावे. 'सर्व्हरला विचारू नको, तुझ्यातच पाहा' असा त्या टिंबाचा अर्थ. आत गेल्यावर सर्वप्रथम स्वतःसाठी एक नवे स्थानिक खाते तयार करावे, त्याला 'अॅडमिनिस्ट्रेटर' हा दर्जा द्यावा, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि त्या नव्या खात्याने आत जाता येते याची खात्री करून घ्यावी. यानंतरच 'अॅक्सेस वर्क ऑर स्कूल'मध्ये जाऊन डोमेनशी असलेली जोडणी तोडावी.

हा क्रम उलटा झाला, तर मोठी पंचाईत होते. जोडणी तोडताच डोमेनची सर्व खाती निरुपयोगी होतात. स्थानिक खाते हाताशी नसेल, तर घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखी गत होते.

विंडोज ७ मध्ये हेच काम 'कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमधून होते. 'चेंज सेटिंग्ज', मग 'कॉम्प्युटर नेम' आणि 'चेंज' या वाटेने जाऊन 'डोमेन'ऐवजी 'वर्कग्रुप' निवडायचे आणि काहीही साधे नाव द्यायचे. कचेरीचे नेटवर्क आवाक्यात नसले, तरी स्थानिक प्रशासकाला यंत्र डोमेनबाहेर काढता येते. सर्व्हरवरील जुनी नोंद तेवढी तिकडे पडून राहते, आणि तिचा आपल्याला त्रास होत नाही.

छापखान्यातला जुना संगणक

'सरळ पुसून टाका' हा सल्ला देता येत नाही, अशा यंत्रांची एक जात आपल्याकडे अजून टिकून आहे. लहान छापखाने, देवस्थानांच्या कचेऱ्या, जुन्या संस्था येथे विंडोज एक्सपी किंवा त्याहूनही जुना संगणक केवळ एका प्रोग्रॅमसाठी सांभाळून ठेवलेला असतो. मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला, पाने पेजमेकरमध्ये मांडलेली, फाँटच्या प्रोग्रॅमचे हार्डवेअर लॉक संगणकाच्या मागे खोचलेले आणि मूळ सीडी कधीच हरवलेली. असे यंत्र पुसले, तर वीस वर्षांचे काम वाचण्याचे साधनच जाते. येथे विचारणा हलक्या हाताने काढावी लागते, आणि हात लावण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी लागते.

विंडोज ९८ असेल, तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'नेटवर्क' उघडावे. 'प्रायमरी नेटवर्क लॉगऑन' या ओळीत 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स' असते. त्याऐवजी 'विंडोज लॉगऑन' निवडावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. आता विंडोजचा स्वतःचा पासवर्ड विचारला जाईल. तो रिकामा ठेवून पुढे गेले, की चौकट पुन्हा येत नाही. जुना पासवर्ड आडवा आला, तर विंडोजच्या फोल्डरमध्ये 'पीडब्ल्यूएल' या शेपटाची फाइल असते. ती दुसरीकडे हलवावी, म्हणजे जुना पासवर्ड विसरला जातो.

विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये डोमेनच्या यंत्रावर चित्रांचा स्वागतपडदा दिसत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा दाबायला सांगणारी चौकट येते, आणि तिच्यात 'लॉग ऑन टू' अशी ओळ असते. त्या ओळीतून 'धिस कॉम्प्युटर' असे लिहिलेले संगणकाचे स्वतःचे नाव निवडून स्थानिक खात्याने आत जावे आणि वर सांगितल्याप्रमाणे डोमेनऐवजी वर्कग्रुप करावा. काही यंत्रांवर त्यानंतरही स्वागतपडदा सुरू होत नाही आणि नेटवेअरविषयी सूचना येते. पूर्वी नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर सर्व्हरला जोडलेल्या यंत्रांची ही खूण आहे. नेटवर्क जोडणीच्या प्रॉपर्टीजमधून 'क्लायंट सर्व्हिस फॉर नेटवेअर' काढून टाकले, की अडसर दूर होतो.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. विंडोज ९८ ला सुरक्षेची दुरुस्ती मिळणे जुलै २००६ मध्ये थांबले, तर एक्सपीला एप्रिल २०१४ मध्ये. अशी यंत्रे इंटरनेटला जोडू नयेत. नेटवर्कची तारच काढली, तर नेटवर्कची विचारणाही बहुतेक वेळा आपोआप संपते.

विंडोजच्या आधी येणारी विचारणा

यंत्राची कळ दाबताच, विंडोजची खूण दिसण्यापूर्वी पासवर्ड मागितला जात असेल, तर तो यंत्राच्या फर्मवेअरचा, म्हणजे बोलीभाषेत 'बायोस'चा पासवर्ड असतो. डिस्क पुसून तो जात नाही, कारण तो डिस्कवर नसतोच. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरी काही वेळ काढून ठेवली, तर बहुधा तो पुसला जातो. कचेरीच्या लॅपटॉपमध्ये मात्र तो वेगळ्या चिपवर साठवलेला असतो आणि बॅटरी काढून काही उपयोग होत नाही. असे यंत्र घरी आले असेल, तर विक्रेत्याकडे परत नेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

निळ्या पडद्यावर ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली जात असेल, तर तो बिटलॉकर. डिस्कवरील सर्व माहिती कूटबद्ध आहे आणि तिची किल्ली जुन्या मालकाकडे आहे, असा त्याचा अर्थ. ही माहिती आपली नाही, आणि आपल्याला ती हवीही नाही. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने बसवताना ती पुसली जाते आणि किल्लीची गरज उरत नाही.

पूर्ण पुसणे, आणि ते नीट पुसणे

जपण्यासारखा जुना प्रोग्रॅम नसेल, तर एकेक सवय काढत बसण्यापेक्षा यंत्र संपूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवावे. डोमेनबाहेर काढलेल्या यंत्रावरही जुन्या कंपनीचे काही नियम मागे राहतात, आणि 'काही सेटिंग्ज आपल्या संस्थेकडे आहेत' अशी ओळ अधूनमधून डोकावते. आधीच्या मालकाने काय काय बसवून ठेवले आहे, हेही आपल्याला ठाऊक नसते.

यंत्र चालू स्थितीत असेल, तर सेटिंग्जमधील 'रिकव्हरी' विभागात 'रीसेट धिस पीसी' आहे. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडावे. त्याहून स्वच्छ मार्ग पेनड्राइव्हचा. दुसऱ्या एखाद्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून घ्यावे आणि किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करावी. लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. ही कळ डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांवर एफ १२, तर एचपीवर एफ ९ असते. पुढे 'कस्टम' हा पर्याय घेऊन लॅपटॉपच्या डिस्कवरील सर्व भाग काढून टाकावेत आणि मोकळ्या जागेवर विंडोज बसवावी. यादीत पेनड्राइव्हही दिसतो. आकार पाहून दोहोंतील फरक ओळखावा.

परवान्याची चिंता बहुधा करावी लागत नाही. विंडोज ८ च्या काळापासून कारखान्यातून विंडोजसह आलेल्या यंत्रांच्या फर्मवेअरमध्येच परवान्याची किल्ली असते. पूर्वीचीच आवृत्ती, म्हणजे प्रोच्या जागी प्रो, बसवली, तर इंटरनेट जोडताच ती आपोआप ओळखली जाते.

कोणती विंडोज घ्यावी, याचाही विचार हवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, इंटेलच्या बाबतीत साधारणपणे, आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. यंत्र त्याहून जुने असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हा प्रामाणिक पर्याय आहे. ब्राउझर, कार्यालयीन लेखन आणि देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक हे सर्व तिच्यावर चालते.

पुसल्यानंतरही येणारी विचारणा

आता सर्वांत अवघड प्रकार. यंत्र संपूर्ण पुसले, विंडोज नव्याने बसवली, भाषा निवडली, वायफाय जोडले आणि पडद्यावर पुन्हा त्याच कंपनीचे नाव आले. येथे एक गल्लत टाळावी. नव्या विंडोजची मांडणी करताना मायक्रोसॉफ्ट खाते मागितले जाते, आणि ते आपले स्वतःचे खाते असते. पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव किंवा बोधचिन्ह झळकत असेल आणि केवळ कार्यालयीन खातेच स्वीकारले जात असेल, तर मात्र यंत्र ऑटोपायलटमध्ये नोंदलेले आहे.

ही नोंद डिस्कवर नाही, म्हणून कितीही वेळा फॉरमॅट केले तरी ती राहते. ती फक्त त्या कंपनीचा प्रशासक काढू शकतो. अॅपलच्या मॅकबुकवर 'रिमोट मॅनेजमेंट'चा पडदा येतो, तेव्हाही हेच घडलेले असते. कंपनीने आपल्या यादीतून ते यंत्र मुक्त करावे लागते. कंपनी किंवा शाळेत नोंदलेले क्रोमबुकही पुसल्यानंतर पुन्हा त्याच संस्थेकडे ओढले जाते. मोबाइल रीसेट केल्यावर जुन्या मालकाचे गुगल खाते मागितले जाते, हा अनुभव अनेकांना असेल. हा त्याचाच मोठा भाऊ.

विक्रीव्यवहारातील खरी मेख येथे आहे. ही तपासणी इंटरनेट जोडलेले असताना आणि पहिल्या मांडणीच्या वेळीच होते. विक्रेत्याने इंटरनेट न जोडता मांडणी उरकली, तर यंत्र दुकानात ठणठणीत चालते आणि घरीही कित्येक महिने चालते. एखाद्या दिवशी ते मंदावते, मुलगा ते रीसेट करतो आणि तेव्हा कंपनीचे नाव समोर येते. तोवर दुकानाच्या हमीची मुदत उलटून गेलेली असते. विक्रेत्याने हे जाणूनबुजून केले असेलच असे नाही, कारण घाऊक मालात आलेल्या यंत्राचा पूर्वेतिहास त्यालाही ठाऊक नसतो. पण भुर्दंड ग्राहकालाच पडतो.

असे यंत्र हाती आल्यास ज्याच्याकडून ते घेतले, त्याच्याकडे बिल घेऊन जावे आणि यंत्राचा अनुक्रमांक कळवून मूळ कंपनीकडून नोंद काढून घेण्यास किंवा यंत्र बदलून देण्यास सांगावे. मोठ्या कंपन्या जुना माल रीतसर विकताना नोंद काढण्यास विसरल्या असतील, तर विचारणा केल्यावर काम होऊ शकते. 'पाचशे रुपयांत कुलूप तोडून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. तसे तोडलेले कुलूप पुढच्या रीसेटला पुन्हा लागते. आणि यंत्र मुळात विकलेच गेले नसेल, चोरीचे असेल, तर प्रश्न पासवर्डपुरता उरत नाही. चोरीचा संगणक जाणूनबुजून घेणे किंवा जवळ ठेवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ब अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बिलावरील अनुक्रमांक हा अशा वेळी प्रामाणिक ग्राहकाचा महत्त्वाचा आधार ठरतो.

दुकानातच करावयाची तपासणी

वरील सारा खटाटोप दुकानात थोडा वेळ दिल्यास टळू शकतो. पैसे देण्यापूर्वी यंत्र सुरू करून फर्मवेअरमध्ये प्रवेश मिळतो की नाही, ते पाहावे. 'अॅक्सेस वर्क ऑर स्कूल'चे पान रिकामे आहे का, ते तपासावे. यंत्राच्या पाठीवर एखाद्या कंपनीच्या मालमत्तेची चिकटपट्टी असेल, तर त्या मालाची खरेदी कशी झाली, ते विचारावे. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो यंत्रावरील अनुक्रमांकाशी जुळवून पाहावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रेत्याला आपल्यासमोर यंत्र रीसेट करायला सांगावे आणि नव्या मांडणीच्या वेळी आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला ते जोडावे. रीसेटला वेळ लागतो, म्हणून सकाळी सांगून संध्याकाळी जावे, पण इंटरनेट जोडण्याचा टप्पा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. परक्या कंपनीचे नाव आले नाही, तर यंत्र निर्धास्त घ्यावे. विक्रेता याला तयार नसेल, तर दुसरे दुकान गाठावे.

आपणही कधी जुने मालक होतो

शेवटी एक बाब आपल्या बाजूची. विकत घेतलेल्या यंत्रात जुन्या मालकाची कागदपत्रे, छायाचित्रे, पत्रव्यवहार सापडला, तर तो चाळत न बसता पुसून टाकणे हा साधा सभ्यपणा आहे. उद्या आपला लॅपटॉप दुसऱ्या कोणाच्या घरी जाईल, तेव्हा आपणही हीच अपेक्षा बाळगू. त्या वेळी आपली खाती त्यावरून काढावीत, खात्याच्या यादीतून ते यंत्र वगळावे, मॅक असल्यास 'फाइंड माय' बंद करावे आणि मग सर्व काही पुसून यंत्र द्यावे. शाळा, संस्था आणि लहान कंपन्यांनी तर जुने संगणक भंगारात किंवा देणगीत देताना डोमेनची व ऑटोपायलटची नोंद काढणे हा कामाचाच एक भाग मानावा. गरजू विद्यार्थ्याला देणगी म्हणून दिलेल्या यंत्रावर आपल्याच संस्थेचे कुलूप राहिले, तर ती देणगी पोहोचलीच नाही असे म्हणावे लागेल.

घर विकताना किल्ल्या सुपूर्द करण्याची रीत आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. संगणकाच्या बाबतीत ती अजून अंगवळणी पडायची आहे. तोवर घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी दार उघडून पाहणे चांगले.